धावायचं कोणी ठरवलं?

प्रश्न : उपवासकाळातल्या रिट्रीटमध्ये आम्हांला एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतला एक बाप अपंग मुलाला रबरी होडीत बसवतो आणि ती होडी पोहत ओढतो, मग त्याला सायकलवर पुढे बसवतो आणि शेवटी त्याची खुर्ची ढकलत मॅरेथॉन धावतो. सगळ्यांचे डोळे भरून आले. प्रवचनात फादर म्हणाले, 'देव आपल्यासाठी हेच करतो.' हे खरंच घडलंय का? आणखी एक. घरी येताना माझ्या मुलीनं विचारलं, 'पण त्या मुलाला हे हवं होतं का?' तिला काय सांगू?
— एक वाचक, वसई

उत्तर : घडलंय, आणि एकदा-दोनदा नाही. डिक हॉइट आणि त्यांचा मुलगा रिक यांनी मिळून हजाराहून अधिक शर्यती पुऱ्या केल्या. पण तुमच्या मुलीचा प्रश्न प्रवचनापेक्षा नेमका आहे, म्हणून आधी तिचंच उत्तर देतो : हो, हवं होतं. धावायचं त्यानंच सुचवलं होतं.

चित्रफितीत न येणारी हकिकत अशी. रिकचा जन्म 1962 साली मॅसॅच्युसेट्स राज्यात झाला. जन्मताना नाळ गळ्याभोवती आवळली गेली, मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. हातपाय ताब्यात नाहीत, वाचा नाही. याला संस्थेत ठेवून द्या, असा सल्ला डॉक्टरांनी दिला. आईबापांनी तो ऐकला नाही, कारण आपण खोलीत फिरलो की पोराचे डोळे मागोमाग फिरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आई ज्यूडीनं त्याला घरीच अक्षरं शिकवली. शाळा मात्र दारात उभी करीना. जो बोलू शकत नाही त्याला समजतं हे ठरवायचं कसं?

1972 मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या अभियंत्यांनी त्याच्यासाठी एक यंत्र बनवलं. पडद्यावर एकेक अक्षर उजळत जाई. हवं ते अक्षर आलं की रिक डोक्याच्या बाजूला लावलेलं बटण दाबी. तो पहिल्यांदा आईला हाक मारतो की बापाला, याची घरात उत्सुकता होती. त्यानं दोघांनाही बाजूला सारून 'गो ब्रुइन्स' असं लिहिलं! ब्रुइन्स हा बोस्टनचा आइस हॉकीचा संघ, आणि त्या मोसमात तो अंतिम सामन्यांपर्यंत पोहोचला होता. म्हणजे हा मुलगा इतकी वर्षं गप्प बसून सामने बघत होता आणि त्याची स्वतःची बाजू ठरलेली होती. 1975 मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, तो सरकारी शाळेत गेला. अपंग मुलांना शाळेचं दार उघडणाऱ्या कायद्यासाठी ज्यूडी झटली होती. चित्रफितीत ती फारशी दिसत नाही. कायद्यासाठी घातलेल्या खेपांचं चित्रीकरण कोण करतो?

मग 1977. अपघातात लुळ्या पडलेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची धाव ठरली. पंधरा वर्षांच्या रिकनं वडिलांना सांगितलं, मला त्यात भाग घ्यायचाय. त्या मुलाला दाखवून द्यायचंय की आयुष्य संपलेलं नाही. डिक तेव्हा छत्तिशीचे, एअर नॅशनल गार्डमध्ये नोकरीला, धावण्याची सवय नसलेले. दोघं शेवटून दुसरे आले. त्या रात्री रिकनं यंत्रावर लिहिलं की धावताना आपण अपंग आहोत असं वाटतच नाही. पुढचं सगळं या एका वाक्यामुळे झालं.

बोस्टन मॅरेथॉनच्या आयोजकांनी सुरुवातीला त्यांना अधिकृत क्रमांक दिला नाही. पात्र ठरायचं तर रिकच्या वयोगटाची वेळ गाठा, अशी अट पडली. म्हणजे चाळिशी ओलांडलेल्या बापानं खुर्ची ढकलत विशीतल्या पोरांच्या वेगानं धावायचं. दोघांनी दुसऱ्या एका मॅरेथॉनमध्ये ती वेळ गाठली आणि वाद मिटला. पुढे 1992 मध्ये त्यांनी 2 तास 40 मिनिटं 47 सेकंदांत मॅरेथॉन पुरी केली. त्या वेळचा जागतिक विक्रम त्याहून 34 मिनिटांनी कमी होता, आणि तो करणाऱ्याच्या हातात खुर्ची नव्हती. तुम्ही पाहिलीत ती आयर्नमॅन शर्यत : 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल, त्यावर पूर्ण मॅरेथॉन. डिकना आधी धड पोहता येत नव्हतं.

एकटे धावा, तुमची वेळ केवढी तरी सुधारेल, असं डिकना पुष्कळांनी सुचवलं. त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. 2003 च्या सुमारास त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका आला. इतके तंदुरुस्त नसता तर पंधरा वर्षांपूर्वीच गेला असतात, असं डॉक्टर म्हणाले. कोण कोणाला ओढत होतं, याचा हिशेब इथे जरा अवघड होतो.

आता प्रवचनाकडे. फादरांच्या उपमेला शास्त्राचा आधार आहे. बाप मुलाला उचलून नेतो तसं देवानं इस्राएलला रानातून नेलं, असं अनुवादाच्या पहिल्याच अध्यायात येतं, आणि यशयाच्या सेहेचाळिसाव्या अध्यायात देव म्हातारपणापर्यंत वाहून नेण्याचं वचन देतो. माझी तक्रार एवढीच की या उपमेत आपण सगळे खुर्चीत बसतो आणि मुके होतो. रिक मुका होता, पण गप्प नव्हता. मार्काच्या शुभवर्तमानात आंधळा बार्तीमय येशूला हाका मारतो. त्याला काय हवंय ते कोणालाही दिसत होतं, तरीही येशू त्यालाच विचारतो, आणि त्यानं सांगितल्यावर पुढे जातो. हॉइट कुटुंबात नेमकं हेच घडलं : आधी मुलाला बोलता येईल अशी सोय केली, मग त्याचं ऐकलं. बापाचे दंड त्यानंतर कामाला आले. एखाद्या बापानं हौसेनं, न विचारता, मुलाला शर्यतींत फिरवलं असतं, तर तेवढाच घाम गाळूनही ती भक्ती ठरली असती का? मला नाही वाटत.

शिवाय नव्या करारातली धाव खुर्चीत बसून करायची नाही. करिंथजवळ दर दोन वर्षांनी खेळ भरत, जिंकणाऱ्याला पानांचा मुकुट मिळे. पौलानं करिंथकरांना लिहिताना तीच शर्यत समोर ठेवली. इब्री लोकांना लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्यायही आपल्याला धीरानं धावायला सांगतो. तेव्हा मुलीला हेही सांगा की रिक धावत नव्हता असं समजू नकोस. तासन्‌तास उन्हापावसात त्या खुर्चीत बसणं हे आरामाचं काम नव्हे. त्यानं 1993 मध्ये बोस्टन विद्यापीठाची पदवी मिळवली आणि बोस्टन कॉलेजात, अपंगांना डोळ्यांनी संगणक चालवता यावा यासाठीच्या कामात भाग घेतला. वडिलांना एक गोष्ट देता आली तर काय द्याल, असं विचारल्यावर त्याचं उत्तर होतं : त्यांनी एकदा खुर्चीत बसावं आणि मी ढकलावं.

तुमच्या रिट्रीटला कोणी व्हीलचेअरवर आलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आलं असेल तर ती चित्रफीत पाहताना त्या व्यक्तीला काय वाटलं, हे फादरांनी विचारावं. प्रवचनातलं उदाहरण होऊन बसणं प्रत्येकाला आवडतंच असं नाही.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी विचारेल : ते अजून धावतात का? नाही. दोघांची एकत्र शेवटची बोस्टन मॅरेथॉन 2014 ची. तिच्या आदल्या वर्षी त्याच मॅरेथॉनमध्ये झालेल्या बॉम्बस्फोटांमुळे त्यांना शेवटच्या टप्प्यात थांबावं लागलं होतं. पुढे डिकचे खांदे-पाठ थकले, तेव्हा त्यांच्या धावण्याच्या संघातल्या एका दंतवैद्यानं रिकची खुर्ची हाती घेतली आणि ते दोघं बोस्टनला धावत राहिले. डिक 2021 मध्ये गेले, रिक 2023 मध्ये.