नातवंडांसाठी भेटवस्तू निवडताना

ऑस्ट्रेलियातील लेकीकडे निघालेल्या आजी-आजोबांच्या बॅगेत नातवंडांच्या खाऊखेळण्यांनाच अधिक जागा लागते. मात्र त्या देशाचे जैवसुरक्षाविषयक नियम कडक आहेत. सावंतवाडीची लाकडी फळे नेता येतात. परंतु त्यांवर साल किंवा किडीची छिद्रे नसावीत आणि आगमनपत्रकात त्यांची नोंद अवश्य करावी. बिया भरलेला खुळखुळा व गुंजांची माळ घरीच ठेवावी. पेढे-बर्फीचाही मोह टाळावा; दुधाची मिठाई तेथे चालत नाही. नोंदविलेली वस्तू अधिकारी फार तर काढून घेतात. दडविलेल्या वस्तूबद्दल मात्र दंड होतो, प्रसंगी व्हिसाही रद्द होऊ शकतो.

सर्वांत निर्वेध भेट म्हणजे चित्रमय मराठी पुस्तके. वजन थोडे होते खरे, पण मराठी विसरू लागलेल्या नातवाला ती मांडीवर घेऊन वाचून दाखविता येतात.

मोठ्या मुलांची खरेदी तेथेच, त्यांना बरोबर नेऊन करावी. त्यासाठी कार्डावरील परदेशी व्यवहारांची सुविधा प्रस्थानापूर्वी सुरू करून मर्यादा ठरवून घ्यावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांनुसार नव्या कार्डावर ती आपोआप सुरू नसते.