खरा मोठेपणा कोणता?

शास्त्रपाठ : मत्तय 20:20–28, योहान 13:1–17.



साकोलीच्या आसपास ज्यांच्या धानाच्या बांध्या आहेत, त्यांस रोवणी कशी होते हें सांगावयास नको. चिखलांत उतरून पाठ वांकविल्याखेरीज एकही रोप उभें राहत नाहीं. बांधावर उभा राहून हुकूम करणारा कितीही मोठा असो, त्याच्या हुकुमानें बांधी हिरवी होत नाहीं. प्रभूच्या शेतांतही हाच नियम आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत जब्दीच्या मुलांची आई आपल्या दोघां मुलांकरितां राज्यांतील उजव्या व डाव्या हाताच्या जागा मागते. हें ऐकून बाकीचे दहा शिष्य रागावले. ते कां बरें रागावले? मागणी वाईट होती म्हणून नव्हे; त्याच जागांवर त्यांचाही डोळा होता म्हणून, असें आम्हांस वाटतें. प्रभूनें सर्वांस जवळ बोलाविलें आणि जगांतील अधिपतींची रीत एक व तुमची रीत दुसरी, असें त्यांस स्पष्ट सांगितलें. लक्षांत घ्या, मोठें होण्याची इच्छा त्यानें निषिद्ध ठरविली नाहीं. मोठेपणा मोजण्याचें माप तेवढें बदललें. तुझ्या हाताखालीं किती माणसें आहेत, हें जगाचें माप. तूं कितींच्या उपयोगीं पडलास, हें त्याचें माप.

आतां योहानाचा तेरावा अध्याय पाहूं. पाय धुणें हें त्या देशांत दासाचें काम होतें. परंतु प्रभूनें पंचा कमरेस बांधला त्यापूर्वीं त्याच्या मनांत काय होतें, हें योहान मुद्दाम नमूद करितो. पित्यानें सर्व कांहीं आपल्या हातीं दिलें आहे, आपण देवापासून आलों व देवाकडे जात आहों, हें जाणून तो उठला. म्हणजे स्वतःला हलका समजून तो वांकला नाहीं. आपला मान पूर्ण ठाऊक असून वांकला.

हा भेद आमच्या गांवांतील मंडळ्यांनीं नीट समजून घ्यावा. ज्यांच्या वाडवडिलांस पिढ्यान्‌पिढ्या चावडीबाहेर उभें केलें, त्यांस नम्रतेचा उपदेश करितांना उपदेशकानें फार जपलें पाहिजे. भीतीनें मान खालीं घालणें, मुकाट्यानें अन्याय सोसणें, ही नम्रता नव्हे. ती लाचारी होय. लाचारी दुसरा लादतो. नम्रता आपण होऊन पत्करावयाची असते. जो देवाचें लेंकरूं आहे, त्याची मान कोणापुढेंही ताठ राहूं शकते. म्हणूनच ती प्रीतीसाठीं वांकूं शकते.

याचें एक उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. पंडिता रमाबाई यांचा जन्म 1858 सालीं झाला. 1878 सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांचें संस्कृतावरील प्रभुत्व पाहून त्यांस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. 1883 सालीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु तेथील वडीलधाऱ्यांचें जें म्हणणें विवेकास पटलें नाहीं, तें त्यांनीं केवळ आज्ञा म्हणून मानलें नाहीं. पत्रें लिहून निर्भयपणें वाद केला. अशी ही बाई वरच्यांपुढें वांकणारी नव्हती. मग ती वांकली कोठें? 1896–97 च्या दुष्काळांत ती मध्यप्रांतांत आली. आपला भंडारा जिल्हा तेव्हां ह्याच प्रांतांत होता. उपाशी, निराधार मुली व विधवा तिनें आपल्याबरोबर नेल्या. त्यांतूनच केडगांवचें मुक्तिसदन वाढलें.

पुढें तिनें पवित्र शास्त्राचें मराठी भाषांतर हातीं घेतलें व त्यासाठीं हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला. संस्कृताच्या त्या पंडितेस जड शब्दांचा डोंगर रचणें कांहीं कठीण नव्हतें. परंतु अल्पशिक्षित खेडवळ बाईसही समजावें, म्हणून तिनें साधी मराठी योजिली. छपाईचें काम मुक्तिसदनांतील स्त्रियांनींच केलें. 5 एप्रिल 1922 रोजीं रमाबाई निवर्तल्या, आणि 1924 सालीं तें शास्त्र संपूर्ण प्रसिद्ध झालें. आपली सर्व विद्या दुसऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत खालीं उतरविणें, ह्यास आम्ही पाय धुणें म्हणतों.

उपदेशक बंधूंनो, आपली परीक्षा येथेंच होते. ज्याच्यापासून आपणांस कांहीं मिळावयाचें आहे त्याच्यापुढें तर सर्वच वांकतात. ज्याच्यापासून कांहींच मिळावयाचें नाहीं त्याच्यापुढें आपण कसे वागतों? प्रीतिभोजनांत आपणांस अगोदर वाढावें, ही अपेक्षा कोठून आली? उपासनेनंतर सतरंजी झाडून ठेवणाऱ्याचें नांव आपणांस ठाऊक आहे काय? आपला उपदेश मागें बसलेल्या निरक्षर म्हातारीस कळतो, कीं आपली विद्या दिसावी म्हणून आपण बोलतों? मंडळींत पूर्वीची जात विचारून पंगत बसत असेल, तर प्रभूचा तो पंचा अद्याप कोणीं उचललेला नाहीं, असें समजावें.

आणखी एक गोष्ट. पेत्र आपले पाय प्रभूस धुवूं देईना. सेवा करणें जसें नम्रतेचें काम आहे, तसेंच सेवा घेणेंही आहे. जो सर्वांस शिकवितो पण कोणाकडून कांहींच शिकत नाहीं, त्यानें पेत्राचें हें नाकारणें पुन्हां वाचावें. त्या म्हातारीची साधी प्रार्थना पुष्कळदां उपदेशकालाच धडा देते.

येत्या आठवड्यांत प्रत्येकानें एक काम निवडावें : जें कोणी पाहणार नाहीं, ज्याबद्दल कोणी आभार मानणार नाहीं, आणि ज्यानें एका तरी शेजाऱ्याचें ओझें हलकें होईल. तें झाल्यावर त्याची वाच्यता करूं नये. पिकाकडे पाहून रोवणी कोणीं केली हें कोणास कळत नाहीं. पण शेताच्या धन्यास तें ठाऊक असतें. तोच आपणां सर्वांस वांकण्याचें बळ देवो.