विंडोज ९८ भरलं, पण चालू का होत नाही?

प्रश्न : माझे वडील डोंबिवली पूर्वेला डीटीपीचं काम करायचे. १९९९ ते २००४ या काळातल्या स्मरणिका, लग्नपत्रिका, ज्ञातिमंडळाचे वार्षिक अंक असं बरंच काम पेजमेकरमध्ये केलेलं आहे आणि ते सीडींवर आहे. आज त्यातला मजकूर उघडला की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा नुसता गोंधळ दिसतो. म्हणून नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स घेतलं आणि त्यात वडिलांच्याच सीडीवरून विंडोज ९८ टाकलं. भरताना काहीच अडचण आली नाही. पण रीस्टार्ट झाल्यावर कधी पुन्हा सेटअपच सुरू होतो, तर कधी काळ्या स्क्रीनवर ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ येतं आणि सगळं थांबतं. सीडी खराब आहे, की लॅपटॉप?
— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)

उत्तर : दोन्ही ठीक आहेत. सीडी खराब असती, तर फाइली कॉपी होतानाच सेटअप अडखळला असता. लॅपटॉपचं म्हणाल, तर तो विंडोज ९८च्या मानाने फारच वेगवान आहे आणि अर्धी अडचण त्यातूनच आलेली आहे. तुम्ही लिहिलेली दोन लक्षणं मात्र एकाच आजाराची नाहीत. पुन्हा सेटअप सुरू होणं ही क्रमाची चूक आहे, ती पाच मिनिटांत सुटते. प्रोटेक्शन एररचं मूळ जास्त खोल आहे.

आधी एक समज दूर करायला हवा. ‘भरलं गेलं म्हणजे चालायलाच हवं’ असं आपण धरून चालतो. पण विंडोज ९८ भरलं जात असताना खरं विंडोज ९८ चालतच नसतं. सेटअपची सुरुवात डॉसमध्ये होते. पुढे निळ्या पडद्यावर जी टक्केवारी सरकताना दिसते, तिच्यामागे विंडोज ३.१च्या धाटणीची एक छोटी तात्पुरती व्यवस्था असते. डिस्क वाचणं-लिहिणं ही साधी कामं ती बायॉसच्या मदतीने उरकते. विंडोज ९८ स्वतःचे ३२ बिटांचे ड्रायव्हर घेऊन पहिल्यांदा उभं राहतं ते रीस्टार्टनंतर. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्याशी त्याची खरी गाठ तिथे पडते. म्हणून बिघाडही तिथेच दिसतो.

आता पहिलं लक्षण. विंडोज ९८ची सीडी बूट होणारी असेल, तर सुरुवातीला दोन ओळींचा मेनू येतो : हार्ड डिस्कवरून सुरू करा, किंवा सीडीवरून. सीडी आतच राहिली आणि तुम्ही पुन्हा दुसरा पर्याय निवडला, की सेटअप पहिल्यापासून सुरू होणार, हे ओघानेच आलं. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘सिस्टम’खाली बूट ऑर्डर असते. फाइली कॉपी होऊन पहिलं रीस्टार्ट आलं, की तिथे हार्ड डिस्क सर्वात वर आणा. सीडी काढून टाकावी असं मी म्हणत नाही, कारण पुढच्या टप्प्यात ड्रायव्हरसाठी सेटअप ती पुन्हा मागतो. त्याहून चांगला उपाय त्या काळी कॉम्प्युटर जोडून देणारी मुलं सर्रास करायची. सीडीतला ‘विन९८’ हा फोल्डर आधी सी ड्राइव्हवर कॉपी करायचा आणि सेटअप तिथूनच चालवायचा. मग सीडीची गरज संपते आणि विंडोजही पुढे वारंवार सीडी मागत नाही.

याच्या जवळचा आणखी एक प्रकार आहे. रीस्टार्टनंतर ‘नो बूटेबल मीडियम फाउंड’ असा संदेश येतो. तो आला तर एफडिस्क या पार्टिशन करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहा. पार्टिशन करताना ‘पूर्ण जागा वापरू का’ या प्रश्नाला हो म्हटलं, तर एफडिस्क ते पार्टिशन आपणहून ‘अॅक्टिव्ह’ करतं. आकार स्वतः ठरवून दिलात, तर करत नाही. मेनूतला दुसरा पर्याय घेऊन ते हाताने करावं लागतं. ते केलं नाही, तर डिस्कवर सगळ्या फाइली असतात, पण सुरुवात कुठून करायची हे बायॉसला कळत नाही.

आता प्रोटेक्शन एरर. ते समजण्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स नेमकं काय करतं ते पाहू. सावित्रीबाई फुले कलामंदिरात एखाद्या नाटकाला जुन्या वाड्याचं नेपथ्य असतं. खांब, देवळी, कंदील सगळं त्या काळातलं दिसतं, पण त्यामागची वायरिंग आणि वीज आजचीच असते. व्हर्च्युअलबॉक्सही जुना मदरबोर्ड, जुनी डिस्क, जुनं डिस्प्ले कार्ड यांचा देखावा उभा करतं. प्रोसेसर मात्र देखाव्यातला नसतो. आतल्या विंडोजच्या आज्ञा तुमच्या लॅपटॉपचा खरा प्रोसेसर थेट आणि पूर्ण वेगाने चालवतो. विंडोज ९८ बाजारात आलं जून १९९८मध्ये, आणि ६६ मेगाहर्ट्झचा ४८६ प्रोसेसर व १६ एमबी मेमरी एवढ्यावर ते चालावं, अशी त्याची किमान अपेक्षा होती.

या तफावतीतून दोन वेगवेगळे दोष बाहेर येतात. पहिला जुना आहे. विंडोज ९५मध्ये आणि ९८च्या पहिल्या आवृत्तीत सुरू होताना प्रोसेसरचा वेग मोजणारा भाग असतो. एकच आज्ञा ठरावीक वेळा पुन्हा पुन्हा चालवायची, किती वेळ लागला ते पाहायचं आणि त्या वेळाने भागायचं, अशी त्याची रीत. प्रोसेसर फार वेगवान असला, की लागलेला वेळ शून्य भरतो. शून्याने भागाकार करायला गेलं की प्रोसेसर अडतो आणि विंडोज हात टेकतं. नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये ही खोट २.१ गिगाहर्ट्झच्या पुढे दिसू लागते, आणि आजचे बहुतेक लॅपटॉप त्याच्या बरेच पुढे आहेत. १९९९मध्ये आलेल्या ९८च्या दुसऱ्या आवृत्तीत ती सुधारलेली आहे. त्यामुळे आधी वडिलांच्या सीडीवर ‘सेकंड एडिशन’ लिहिलंय का ते बघा.

दुसरा दोष दोन्ही आवृत्त्यांत आहे आणि जास्त फसवा आहे. मेमरीतलं कोणतं पान कुठे आहे याची एक छोटी यादी प्रोसेसर स्वतःजवळ ठेवतो, म्हणजे दरवेळी शोधावं लागत नाही. पानं हलवली, की जुनी नोंद पुसून टाक असं ऑपरेटिंग सिस्टमने त्याला सांगायचं असतं. विंडोज ९८ काही ठिकाणी हे सांगायला विसरतं. जुन्या प्रोसेसरांची यादी लहान होती, नोंदी आपोआप पुसल्या जायच्या आणि चूक झाकली जायची. २०१९नंतरचे रायझन आणि इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचे प्रोसेसर व्हर्च्युअल मशीन चालवताना या नोंदी धरून ठेवतात. मग विंडोज जुन्या पत्त्यावर जातं, तिथे भलतंच काही सापडतं आणि कोसळतं. कधी प्रोटेक्शन एरर, कधी निळा पडदा, कधी सेटअपमध्येच ‘इल्लीगल ऑपरेशन’. एरर दर वेळी वेगळी येत असेल, तर हाच दोष धरून चाला.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. पॅचर९एक्स नावाचा एक छोटा प्रोग्रॅम हौशी जाणकारांनी लिहिला आहे. तो फ्लॉपीच्या इमेजच्या रूपात मिळतो. फाइली कॉपी झाल्या, की पहिल्या रीस्टार्टला ती इमेज व्हर्च्युअल मशीनच्या फ्लॉपी ड्राइव्हमध्ये लावायची, तिच्यावरून बूट करायचं आणि विंडोज कुठे आहे ते सांगायचं. विंडोजच्या मेमरी सांभाळणाऱ्या भागातली चूक तो दुरुस्त करतो आणि वेगाची अडचणही सोडवतो. तुमचं मशीन अर्धवट कोसळत राहिलं आहे, त्यामुळे त्यावर मलमपट्टी करत बसू नका. व्हर्च्युअल मशीनची डिस्क पुन्हा फॉरमॅट करा आणि या क्रमाने नव्याने भरा.

भरण्यापूर्वी मशीनचा आकारही त्या वयाला शोभेल असा ठेवा. लॅपटॉपला १६ जीबी मेमरी आहे म्हणून उदार मनाने विंडोज ९८ला २ जीबी देणारे पुष्कळ आहेत, आणि मग स्क्रीनवर येतं की विंडोज सुरू करायला मेमरी अपुरी आहे! कारण असं की मेमरी जितकी जास्त, तितका मोठा डिस्क कॅश विंडोज ९८ राखून ठेवतं. ५१२ एमबीच्या पुढे त्या नादात स्वतःच्या पत्त्यांची जागाच त्याला उरत नाही. २५६ एमबी द्या, पेजमेकरला ती भरपूर आहे. प्रोसेसर एकच द्या. डिस्क आयडीई कंट्रोलरवर जोडा, कारण साटाचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. आकार ८ जीबी पुरे. ‘ईएफआय’ची खूण काढलेली असू द्या.

एवढं करूनही अडलं, तर अंदाज बांधत बसण्यापेक्षा विंडोजलाच विचारा. सुरू होताना कंट्रोल की दाबून धरली, की स्टार्टअप मेनू येतो. त्यातला ‘लॉग्ड’ हा पर्याय घेतला, तर कोणता ड्रायव्हर केव्हा चढवला याची नोंद सी ड्राइव्हवर बूटलॉग या फाइलमध्ये होते. मशीन अडकलं की बंद करा, पुन्हा सुरू करून मेनूतून ‘कमांड प्रॉम्प्ट ओन्ली’ घ्या आणि एडिट कमांडने ती फाइल उघडून थेट तळाशी जा. एखाद्या ड्रायव्हरचं काम सुरू झाल्याची ओळ आहे, पण ते यशस्वी झाल्याची नाही, तर दोषी तोच. मधल्या भागात ‘लोड फेल्ड’ अशा काही ओळी दिसतील. डीसाउंड किंवा व्हीशेअरसमोर ती शेरेबाजी चांगल्या मशीनवरही असते. तिला घाबरू नका.

जुन्या मार्गदर्शनांत एक सल्ला हमखास भेटेल : प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद करा, म्हणजे विंडोज ९८ चालेल. एके काळी तो बरोबर होता. पण २०१९च्या अखेरीस आलेल्या ६.१ आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स त्या सोयीशिवाय मशीन सुरूच करत नाही.   लॅपटॉपच्या बायॉसमध्ये ती सोय बंद असेल, तर चालू करायची.

व्हर्च्युअलबॉक्सचा नाद सोडायची तयारी असेल, तर ८६बॉक्स हा वेगळ्या जातीचा प्रोग्रॅम आहे. तो प्रोसेसरसुद्धा खोटा उभा करतो. पेंटियम २०० निवडला, तर आतल्या विंडोजला खरोखरच त्या चालीचा पेंटियम मिळतो आणि वर सांगितलेले दोन्ही दोष उद्भवतच नाहीत. काम सावकाश चालतं, लॅपटॉपचा पंखा जोरात फिरतो. पण तुम्हाला जुनी पानं उघडून बाहेर काढायची आहेत, त्याला ही गती चालते. माझं मत विचाराल, तर ज्यांना पॅच वगैरेचा कंटाळा आहे त्यांनी सरळ हाच मार्ग धरावा.

विंडोज उभं राहिलं, की पडदा सोळा रंगांचा आणि चिन्हं अवाढव्य दिसतील. तो बिघाड नाही, डिस्प्लेचा ड्रायव्हर नाही एवढंच. मशीन बंद करून त्याच्या डिस्कच्या फाइलची एक प्रत लगेच दुसरीकडे ठेवा. आणि त्याआधी, खरं तर आजच, वडिलांच्या सगळ्या सीडी लॅपटॉपवर उतरवून घ्या. घरी राइट केलेल्या सीडी वीस-पंचवीस वर्षांनी भरवशाच्या राहत नाहीत, त्यात आपली खाडीकाठची दमट हवा.

आता मराठीच्या जागी दिसणाऱ्या इंग्रजी गोंधळाबद्दल. त्या काळच्या डीटीपी फॉन्टांत युनिकोड नव्हता. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या सोयीने देवनागरीचे तुकडे बसवले होते : इथे काना, तिथे अर्धा स, पलीकडे रफार. म्हणून तोच फॉन्ट असल्याशिवाय मजकूर वाचता येत नाही. वडिलांच्या सीडींवर ट्रूटाइप फॉन्टच्या फाइली शोधा आणि त्या विंडोज ९८च्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाका. पेजमेकर असेल, तर पान उघडून पाहायला तेवढं पुरतं. नव्याने टाइप करायचं तर त्या फॉन्टचं मूळ सॉफ्टवेअर लागेल, आणि त्याला बहुधा प्रिंटरच्या पोर्टला लावायचा डाँगल असायचा. तो व्हर्च्युअल मशीनपर्यंत पोचवणं जिकिरीचं आहे. त्याच्या मागे लागू नका.

पानं बाहेर काढायला पोस्टस्क्रिप्ट प्रिंटरचा ड्रायव्हर टाकून ‘प्रिंट टू फाइल’ करा. ती फाइल लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफ होते. त्या फॉन्टचं युनिकोडात रूपांतर करणारा कन्व्हर्टर मिळाला तर मजकूरही शोधता येण्यासारखा होईल, पण रफार आणि जोडाक्षरं हमखास तपासावी लागतील. त्यासाठी छापील प्रत हाताशी हवी. स्मरणिकेची प्रत मंडळाकडे नसेल, तर ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात चौकशी करा. वडिलांची ही कामं सुरू होतात त्या १९९९मध्येच डोंबिवलीत नववर्ष स्वागतयात्राही सुरू झाली. त्या वर्षांतल्या शहराचं पुष्कळसं लिखाण अशाच पेजमेकरच्या फाइलींत अडकलेलं आहे, तेव्हा वडिलांच्या सीडींवर घराबाहेरच्या मंडळांची जी कामं सापडतील, त्यांच्या पीडीएफ त्या त्या मंडळालाही जरूर पाठवा.