आधी येतं काय ते लिहा, मग कोर्स शोधा

पदवी होऊन दोन-तीन वर्षं उलटली आणि मुलाला नोकरी नसली, की घरात पहिला प्रश्न निघतो: आता कुठला कोर्स लावायचा? पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, फी भरण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासोबत बसा. आज त्याला काय काय करता येतं, ते कागदावर लिहा. पदव्या नकोत, कामं लिहा.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांच्या तयारीत चार-पाच वर्षं काढून परतलेली मुलं घ्या. निवड झाली नाही, म्हणून बायोडेटात ही वर्षं कोरीच राहतात. हा मोठा अन्याय आहे, आणि तो बऱ्याचदा मुलं स्वतःच स्वतःवर करतात. शासन निर्णय वाचून त्याचा अर्थ लावणं, मुद्देसूद टिपण लिहिणं, एखादा विषय नेटाने तडीस नेणं हे त्यांना येतं. सामाजिक संस्थांचे प्रकल्प, शैक्षणिक प्रकाशनं, सरकारी कामं घेणाऱ्या सल्लागार कंपन्या यांना असं काम येणारी माणसं लागतात. कमी पडतं ते बहुधा एक्सेल आणि इंग्रजीतला पत्रव्यवहार. मग तेवढंच शिकावं. त्यासाठी कर्ज काढून दोन वर्षांचं एमबीए कशाला?

गावाकडे नेमकं उलटं दिसतं. मोटार रिवाइंडिंग उत्तम जमतं, पण हातात कागद नाही. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत अंगी असलेल्या कौशल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय ठेवली गेली. तिला आरपीएल म्हणतात. आपल्या कामासाठी ती सध्या जवळपास कुठे आहे, हे जिल्ह्याच्या कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात विचारा. ‘महास्वयं’ या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदवून थांबू नका, कामांची यादी लिहिलेला तो कागद घेऊन केंद्रात प्रत्यक्ष जा.

आयटीआय झालेल्यांनी आधी शिकाऊ उमेदवारी पाहावी. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. विद्यावेतन मिळतं आणि कारखान्याची सवयही होते.

खासगी क्लास 'शंभर टक्के नोकरी' म्हणत असेल, तर मागच्या बॅचची मुलं कुठे, किती पगारावर लागली ते विचारा आणि त्यांतल्या दोघांशी स्वतः बोला. टाळाटाळ झाली, तर फी न भरता घरी या.