चौकातली देवी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मागच्या दिवाळीत सूनबाईंनी उशांना नवे अभ्रे आणले. विटकरी रंगावर पांढरी वारली चित्रं. मला फार आवडले. दुपारी उशीला टेकून पोथी वाचत होतो, तर नात म्हणाली, "आजोबा, या चौकटीत कोण हो उभी आहे?" चष्मा लावून पाहिलं आणि झटकन सरळ बसलो. ती पालघाट देवी होती!

डहाणू-जव्हारकडे वारली घरात लग्न निघालं की भिंतीवर चौक लिहितात. भिंत गेरूने सारवायची, तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, बांबूच्या काडीने रेघ ओढायची. हा मान सवाशिणींचा. चौकात पालघाट देवी. धवलेरी गाणी म्हणते, देवांना बोलावते. म्हणजे हा चौक शोभेचा नव्हे, तो लग्नविधीचाच भाग.

आपल्याकडे तरी निराळं काय? आई चातुर्मासात दारात गोपद्मं काढायची. संध्याकाळपर्यंत पुसली जायची. कुणी वाहवा करावी म्हणून ती नव्हतीच.

1970 च्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाची वाट न पाहता कागदा-कापडावर चित्रं काढली. जगभर नाव झालं, 2011 साली पद्मश्री मिळाली. त्या वाटेने पुढे अनेकांच्या चुली पेटल्या. हे वाईट असं कसं म्हणू? पण यंत्रावर छापलेल्या अभ्र्याचे पैसे त्या हातांना पोचतात की नाही कोण जाणे, आणि देवी मात्र आपल्या पाठीखाली येते. हे मनाला लागलं.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपले चोवीस गुरू सांगतात. त्यांत एक बाण घडवणारा आहे. राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली, याला पत्ताच नाही. बाण काही पूजेचं साहित्य नव्हे, तरी अवधूतांनी त्याला गुरू मानलं ते त्या एकाग्रतेसाठी. तेव्हा मला वाटतं, कलेचं प्रयोजन बदललं तरी चालेल, तिच्यातलं चित्त हरवू नये.

सूनबाई म्हणाल्या, "मला माहीतच नव्हतं हो, बाबा." दोष तिचा नाही. आम्ही सांगितलंच कधी?

यंदा दत्तजयंतीला पादुकांपुढे छाप्याची रांगोळी नाही. नात हाताने काढणार आहे. वेडीवाकडी येईल. येऊ दे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥