मागून गाडी नको

मुलं म्हणतात, सायकलने पाटणादेवीला जाऊ, तंबू घेऊन, तीन-चार दिवस. आणि आपल्या तोंडून लगेच निघतं, "अरे, गाडीने सोडतो ना!" प्रेमानेच म्हणतो आपण. पण त्यांचा चेहरा उतरतो. तो का उतरला हे विचारायच्या आत कुकरची शिट्टी होते, ऑफिसचा फोन येतो आणि विषय तिथेच राहतो.

आमच्याकडे हा विषय दिवाळीपासून चाललाय. लेक नववीत, जळगावला. तिचे आतेभाऊ धुळ्याला. दोन्हीकडच्यांनी चाळीसगावात भेटायचं आणि तिथून डोंगराकडे जायचं, असा बेत. चौकटीच्या वहीत तिने मांडून ठेवलंय: जळगाव ते पाचोरा साधारण ४८ किलोमीटर, पाचोऱ्याहून भडगावमार्गे चाळीसगाव जवळपास तेवढंच. धुळे ते चाळीसगाव ५५ च्या आसपास, म्हणजे धुळेकरांनी एक दिवस उशिरा निघायचं. सामान लादलेल्या सायकलचा वेग तिने ताशी १२ धरलाय. भडगावच्या थांब्यापुढे लिहिलंय, "चहा नको, ताक."

अशी वही हातात आली की आपला हात आपोआप पेनकडे जातो. सगळ्यांचाच जातो. "इतक्या उशिरा निघता? हा रस्ता नको. मुक्काम काकांकडेच." दहा मिनिटांत बेत आपला होतो आणि मूल "बरं" म्हणून उठून जातं. मला वाटतं, इथे खोडण्यापेक्षा विचारावं. "भडगावच्या अलीकडे पंक्चर झाली तर?" एवढंच मी विचारलं. दुसऱ्या दिवशी ती कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे तासभर बसून चाक काढायला, ट्यूबला ठिगळ लावायला शिकून आली. नखांत काळं ग्रीस आणि चेहऱ्यावर जे काही होतं, ते गणितात पैकीच्या पैकी मिळाल्यावरही मी पाहिलं नव्हतं.

गणितावरून आठवलं. पाटणादेवीजवळचं पाटण हे भास्कराचार्यांच्या घराण्याशी जोडलेलं गाव. त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, तसा शिलालेखच आहे. वेळ-वेग-अंतराची उदाहरणं सोडवत मुलं तिथवर पोचणार, याचं मला फार अप्रूप वाटतं. हे आधी सांगावं की तिथे गेल्यावर त्यांचं त्यांना सापडू द्यावं, ते मात्र ठरत नाहीये.

भीतीचं बोलू या, कारण खरी अडचण तीच. आमच्या सासूबाईंनी ऐकल्याबरोबर विचारलं, "पोरी, इतक्या लांब कशाले जाती?" २०१७ मध्ये चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसं मारली, तेव्हा संध्याकाळनंतर शेतात जायची सोय राहिली नव्हती. ते कोण विसरेल? म्हणून इथे मी ठाम आहे. पाटणादेवीचा परिसर १९८६ पासून गौताळा अभयारण्यात आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे तंबू नाही, आणि अंधार पडल्यावर जंगलात थांबायचं नाही. चंडिकेचं दर्शन, धवलतीर्थ धबधबा, सगळं दिवसाउजेडी. चाळीसगावहून ते १८ किलोमीटर, सकाळी जाऊन दुपारी परत. तंबू लागेल तो भिंतीच्या आतल्या अंगणात. मुलं हिरमुसतात, पण कारण नीट सांगितलं तर ऐकतात. "मी सांगते म्हणून" एवढ्यावर नाही ऐकत.

दुसरी भीती घाटाची. लेकीला चाळीसगावपुढचा कन्नड घाट चढायचाच आहे. २०२१ च्या ऑगस्टअखेर त्या घाटात दरडी कोसळल्या होत्या, तेव्हा पावसाळ्यात तर विचारही नको. हिवाळ्यातही पहाटे वर्दळ कमी असताना, सामान खाली ठेवून, सोबत मोठं माणूस घेऊनच. चढावर मुलं दमतात, उतरून सायकल हातात धरून चालतात, त्यात बिघडत काही नाही. काळजी करायची ती उताराची. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते आणि रबर धरेनासं होतं. दोन्ही ब्रेक सोडत-दाबत यायचं, मधे थांबून रिम गार होऊ द्यायची. निघण्याआधी ब्रेकचे रबर नवे घालून घ्या, ते पैसे वाचवू नका.

पण मुलांच्या मनातली भीती ही नसतेच. एका रात्री दिवा मालवल्यावर लेक म्हणाली, "आई, माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागलं तर?" मी बिबट्याचा विचार करत होते, आणि ती मागे पडण्याचा. आणखी एक काळजी मुली सहसा बोलून दाखवत नाहीत: वाटेत पाळी आली तर, लघवीला कुठे जायचं? हे आपणच आधी काढावं, साध्या आवाजात. कुठल्या पेट्रोल पंपावर, कुठल्या नातेवाइकांकडे थांबता येईल, हे वहीत लिहिलं की तिचा अर्धा भार उतरतो.

थांबावं लागलं तर काय, याचं उत्तर आपल्या भागात सोपं आहे. जळगाव, पाचोरा, चाळीसगाव एकाच रेल्वेमार्गावर, आणि चाळीसगावहून धुळ्यालाही गाडी जाते. दमलेलं मूल रेल्वेने घरी येऊ शकतं, सायकल लगेजमध्ये टाकता येते, फक्त पार्सल ऑफिसात आधी चौकशी करावी. आणि कुणी असं परत आलंच तर घरात "बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य कुणीही उच्चारायचं नाही. आम्ही तसं एकमेकांना बजावलंय, आजीसकट.

मग मागून गाडी का नको? सोबत सायकलवर एक मोठं माणूस हवंच. पण पाठीशी आपली गाडी हळूहळू येत असली, की पहिल्या चढावरच मुलाची नजर मागे वळते. आपल्यालाही राहवत नाही, काच खाली करून आपण पाणी पुढे करतोच. त्यापेक्षा फोनच्या वेळा ठरवून घ्याव्यात. पाचोऱ्याला पोचल्यावर एक, भडगावहून एक. डोंगराजवळ रेंज नसेल हे आधीच धरून चालावं, म्हणजे तासभर फोन लागला नाही तरी आपला जीव टांगणीला लागत नाही. लागतोच, पण थोडा कमी.

सध्या गच्चीवर तालीम चालू आहे. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातलं तापमान डिसेंबरात किती उतरतं ते आपण दरवर्षी पेपरात वाचतो, तेव्हा एक रात्र गच्चीवर तंबूत झोपून बघणं बरं. लेक पहाटे उठून दुसरी चादर घेऊन गेली आणि वहीत चादरीची नोंद केली. मागच्या रविवारी सगळं सामान कॅरिअरवर बांधून गल्लीत फेरी मारली, तर पुढचं चाक हलकं होऊन हँडल डुलायला लागलं. खाली उतरून तिने स्वतःच दोन जीन्स आणि जाडजूड कादंबरी काढून ठेवली. मी खिडकीतून बघत होते. दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी मी देणार आहे. ते खातं मात्र मी सोडलेलं नाही.

नाताळाच्या सुट्टीतल्या तारखा ठरल्या आहेत. सोबत कोण जाणार, हे अजून ठरायचंय. हिच्या बाबांना जायचंय, धुळ्याच्या भावजींनाही. मुलांचं मत मात्र मामाला आहे, कारण मामा वाटेत "आटपा, आटपा" म्हणत नाही.