चकतीवर भरवसा ठेवण्याआधी



भाच्या, बंगळूरच्या चिकपेटेतल्या दुकानामागच्या खोलीत ३०१८ हे सीएनसी कोरीव यंत्र बसलं आणि आता पितळी ठसे कोरण्यासाठी झेडचा, म्हणजे बिटाची उंची ठरवणारा, प्रोब लावायचा आहे, हे ताईकडून कळलं. एसपी रोड शेजारीच असल्यामुळे वायर, क्लिपा, बिट जिच्यावर टेकवायचं ती धातूची चकती, सगळं हाताशी आहे. सामान जमवणं हा यातला सोपा भाग.

ठसा कोरताना खोलीतली चूक रुंदीत दिसते. साठ अंशांचं व्ही-बिट, म्हणजे टोकदार कोरणी, ०.१ मिलिमीटर जास्त खोल गेलं, तर रेघ जवळजवळ ०.१२ मिलिमीटरने रुंदावते. नव्वद अंशांच्या बिटाने तीच ०.२ ने रुंदावते. झेरॉक्सच्या कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर असते. कागद सरकवून अंदाजाने शून्य धरणाऱ्याची बारीक अक्षरं बुजतात ती यामुळेच.

गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यात विटा-खानापूरकडची घरं देशभर पसरली. त्या धंद्यातला जाणता माणूस कसोटीच्या दगडावर नुसता माल घासत नाही. ज्यांचा कस आधीच माहीत आहे अशा सुयाही शेजारी घासतो. प्रोबच्या बाबतीत मामाचा आग्रह तोच आहे: मोजण्याआधी मोजणाऱ्याची परीक्षा घ्यायची.

म्हणून यंत्र हलवण्याआधी प्रोबच्या दोन क्लिपा हातानेच एकमेकींना टेकव. या यंत्रांच्या बोर्डावर बहुधा ग्रबल चालतं. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरुड यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा मोफत प्रोग्राम. त्याच्या स्थितिदर्शक ओळीत, क्लिपा टेकल्या की ‘पीएन’पुढे ‘पी’ उमटतं आणि सोडल्या की जातं. ते उमटत नसेल तर पुढे जायचंच नाही, कारण तुटक्या वायरीचा प्रोब बिटाला थांबवणार नाही.

एक क्लिप चकतीला आणि दुसरी थेट बिटाला लाव, स्पिंडलच्या अंगाला नको. बेअरिंगमधल्या ग्रीसच्या थरातून विजेची वाट कधी मिळते, कधी नाही. चकती ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमची असेल, तर तिचा रंगीत थर वीज अडवतो. जिथे बिट टेकणार आणि जिथे क्लिप बसणार, तिथे उघडा धातू हवा.

पितळेची गोष्ट लाकडाहून वेगळी आहे. पितळ ॲल्युमिनियमच्या बेडवर आवळलेलं असतं आणि बेड सांगाड्यामार्फत बिटाशी जोडलेला असू शकतो. अशा वेळी चकती ठेवताच सर्किट पूर्ण होतं. ग्रबल ‘अलार्म ४’ देतं, म्हणजे प्रोब सुरुवातीलाच टेकलेला आहे. चकतीखाली पातळ प्लास्टिक चिकटवलं की हे सुटतं. मात्र जाडी मोजायची ती प्लास्टिकसकट, स्क्रूगेजने, तीन-चार ठिकाणी. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा धरू नये.

मग जी९१ (आहे तिथून अंतर मोजणं) देऊन ‘जी३८.२ झेड-२० एफ१००’ दे. वीस मिलिमीटरच्या आत चकती लागली नाही तर ‘अलार्म ५’ येईल. लागली की दोन मिलिमीटर वर घे आणि एफ२५ च्या संथ वेगाने पुन्हा टेकव. टेकल्यावर यंत्र जागच्या जागी थांबत नाही, वेग ओसरेपर्यंत किंचित खाली जातं. संथ गतीत हे सरकणं नगण्य होतं. आता चकतीची जाडी १५.०२ भरली असेल तर ‘जी१० एल२० पी१ झेड१५.०२’ दे आणि लगेच जी९० वर (शून्यापासून अंतर मोजण्यावर) परत ये. ते जी९० राहून गेलं, तर पुढची प्रत्येक चाल चुकीच्या जागी जाऊ शकते.

एकाच जागी पाच वेळा टेकवून ग्रबलने दाखवलेले ‘पीआरबी’चे आकडे वहीत लिही. ते शतांश मिलिमीटरच्या आसपास जुळले तर उत्तम. उड्या मारत असतील तर चकतीखालचा बुरा, सैल कोलेट किंवा झेडचा ढिलेपणा शोध. स्पिंडलच्या वायरीला लागून गेलेली प्रोबची वायर खोटे सिग्नलही पकडते, म्हणून ती लांबून ने.

बिट बदललंस की उंची पुन्हा घ्यावी लागेल, पण कोरलेल्या भागावर चकती ठेवलीस तर शून्यच सरकू शकतं. प्रत्येक ठशाच्या पितळात एक न कोरलेला कोपरा राख आणि दर वेळी तिथेच टेकव. स्पिंडल सुरू करण्याआधी बिटावरची क्लिप निघाली आहे हे डोळ्यांनी पाहा. फिरत्या बिटाला वायर गुंडाळली गेली तर बोटं जवळच असतात. पाच आकड्यांचा कागद ताईच्या फोनवरून पाठव.

तुझा,
मामा